अडुसष्टची रायफल

रायफल जोडायला ट्रॅव्हिसने बाळाची शाल घेतली तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. सात महिन्यांच्या पोराची, बदकांची नक्षी असलेली निळी शाल, आणि तिच्यावर ओळीने मांडलेल्या स्प्रिंगा, पिना, नळी, दस्ता. पण रॉइस नुकताच झोपला होता, आणि आमच्या घरात पोर झोपलं की भांडणंसुद्धा खुणांनी होतात. मी शालीकडे बोट दाखवून डोळे वटारले. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि हसला. नवरा इतका खूश दिसला की माझा राग तिथेच विरघळतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आमच्या या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात हरणांसाठी एक बंदूक घरोघरी असतेच. ट्रॅव्हिसला नाद आहे तो नकलांचा. खरी जुनी लष्करी रायफल आमच्यासारख्यांनी बघायची ती काचेमागे, कुणा बड्या माणसाच्या दिवाणखान्यात. नक्कल मात्र पॉवर स्टेशनवर थोड्या जादा पाळ्या केल्या की घरी येते. दिसायला हुबेहूब, फक्त एकदा चाप ओढला की एकच गोळी. त्यातही तयार नक्कल घेणाऱ्यांना ट्रॅव्हिस आणि त्याचे दोस्त मनातून जरा कमीच लेखतात. खरा मान सुटे भाग जमवून जोडणाऱ्याला. आणि सालाच्या बाबतीत ही माणसं सोनाराच्या वरताण. अडुसष्टची रायफल जोडायची तर तिच्यातला एक स्क्रूसुद्धा एकोणसत्तरचा चालत नाही.

ही अडुसष्टची होती, कारण ती त्याच्या वडिलांसाठी होती.

माझे सासरे डेल्मर. पोर झाल्यापासून आम्ही सगळे त्यांना पॅपॉ, म्हणजे आजोबा, म्हणतो. अडुसष्ट साली व्हिएतनाममध्ये त्यांच्या शेजारी रॉइस नावाचा मुलगा अकरा महिने झोपला, जेवला, लढला, आणि एका भातखाचरात गोळी लागून गेला. पॅपॉंनी त्याला खांद्यावर घालून दोन मैल आणलं. ही गोष्ट मी लग्न होऊन आले त्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला ऐकली. सासूबाई तेव्हा होत्या. गोष्ट चालू असताना त्या उठून टर्कीवर रस्सा ओतत राहिल्या होत्या, एवढं आठवतं. पुढे मला दिवस गेले, मुलगा आहे असं कळलं, तेव्हा रॉइस हे नाव मीच सुचवलं. पॅपॉ उठून अंगणात गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मला वाटलं, केवढं भरून आलंय त्यांना.

आमच्या नेमबाजी क्लबात मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी जुन्या रायफलींची स्पर्धा असते. तिची एक रीत आहे. पहिली गोळी एखाद्या जुन्या सैनिकाने झाडायची, त्याने लढाईत वापरली तशाच रायफलीने. आधी तिथून परत न आलेल्या एका दोस्ताचं नाव मोठ्याने घ्यायचं, जमलेल्या सगळ्यांनी ते नाव पुन्हा म्हणायचं, मग बार. त्यानंतरच बाकीच्यांनी रायफलींना हात लावायचा. पॅपॉंना दरवर्षी बोलावणं यायचं आणि दरवर्षी ते टाळायचे. कधी कंबर, कधी सर्दी. या वर्षी ट्रॅव्हिसने त्यांना पळवाटच ठेवली नव्हती. रायफलच तयार केली होती.

बुधवारी पॅपॉ जेवायला आले. ट्रॅव्हिसने रायफल दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली, मॅगझिन काढलेली, आत काडतूस नाही हे दिसावं म्हणून खटका मागे ओढलेला.

"हलकी आहे की रे," पॅपॉ म्हणाले.

"तुमच्या त्या रायफलीएवढीच जड आहे, डॅड. काट्यावर घालून बघितलीय."

"मग मीच म्हातारपणी पैलवान झालो म्हणायचं."

आम्ही हसलो. पॅपॉंनी रायफल उलटी केली, दस्त्याचं बूड पोटाशी घेतलं आणि न बघता अंगठा तिथे नेला. अंगठ्याने काहीतरी चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"झाकण कुठंय?"

"कसलं झाकण?"

"इथलं, बुडाचं. दाबलं की उघडतं. आत पोकळी असते, साफसफाईचं सामान ठेवायला."

ट्रॅव्हिस असा उजळला, जणू बापाने परीक्षा घेतली आणि उत्तर नेमकं त्याला येत होतं. "तिथेच तर सगळे फसतात! अडुसष्टला झाकण नव्हतंच, डॅड. दस्ता भरीव असायचा. झाकण आलं एकाहत्तरच्या आसपास. झाकणवाले ढिगाने पडलेत बाजारात. हा भरीव मिळवायला मला सहा महिने लागले. ओरेगनमधल्या एका म्हाताऱ्याला गळ घालून घालून—"

"झाकण होतं," पॅपॉ म्हणाले. "रॉइसची चिठ्ठी त्यातच होती. मी माझ्या हाताने काढली."

चिठ्ठी? गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली होती. तिच्यात चिठ्ठी कधीच नव्हती.

"डॅड, अडुसष्टला शक्यच नाही ते."

"तू होतास का तिथे?"

"मी कसा असेन! पण—"

"मग गप्प बस."

आणि त्यांनी ट्रॅव्हिसकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. जानेवारीत घाटात गाडी बर्फावरून घसरायला लागते आणि चालवणाऱ्याला कळतं की आता ब्रेक लावून उपयोग नाही, तेव्हा त्याचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. ते जेवले. दोनदा बीन्स घेतल्या.

ते गेल्यावर ट्रॅव्हिस भांडी पुसता पुसता म्हणाला, "शहात्तर वर्षांचा माणूस, ब्रेना. पन्नास वर्षांपूर्वीचं काय काय ध्यानात राहणार? मीच उगाच हुज्जत घातली."

मी हो म्हटलं. पण तो अंगठा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. विसरलेल्या जागेकडे अंगठा असा सरळ जात नाही. तो तिथे शेकडो वेळा गेलेला असतो.

गुरुवारी ट्रॅव्हिस कामावर गेला आणि मी रॉइसला गाडीत घालून पॅपॉंच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते. रॉइस त्यांच्या मांडीवर गेला आणि नेहमीसारखा त्यांच्या चष्म्यावर तुटून पडला.

"पॅपॉ," मी म्हटलं, "झाकण होतं. माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण मग साल कुठलं?"

त्यांनी पोराच्या मुठीतून चष्मा सोडवला. डोळ्यांवर न घालता खिशात ठेवला.

"आधी याला घे," ते म्हणाले.

मी रॉइसला घेतलं. मग त्यांनी सांगितलं. ते कुठेच गेले नव्हते. सक्तीच्या भरतीत नाव निघालं ते सत्तर साली, आणि पाठवलं अलाबामातल्या एका लष्करी कोठारात. युद्धावरून परतलेल्या रायफली तिथे लाकडी खोक्यांतून यायच्या. त्यांचं काम खोकी फोडायचं, रायफली धुवायच्या, झाकण उघडून पोकळी रिकामी करायची, चांगल्या एकीकडे, मोडक्या दुसरीकडे.

"कधी चिखल असायचा," ते म्हणाले. "कधी दुसरं काही. गरम पाण्याने निघायचं. दिवसाला साठ रायफली, दोन वर्षं."

"आणि रॉइस?"

"रॉइस एका रायफलीत सापडला."

ते आत गेले आणि मासेमारीचा हिरवा पत्र्याचा डबा घेऊन आले. गळ आणि रंगीत पिसांच्या खालच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद होता, बोटाएवढी सुरळी होऊन कायमचा वाकलेला. मी एका हाताने तो गुडघ्यावर पसरला. दुसऱ्या हातात पोर होतं. पेन्सिलीचं अक्षर होतं, शाळेतल्या मुलासारखं.

'आई, केक पाठवू नकोस. इथे पोचेपर्यंत त्याचा भुगा होतो. मोजे पाठव. लेडीला पिल्लं झाली का? एक तरी माझ्यासाठी ठेव, डॅड काहीही म्हणू दे. डॅडला एक सांगू नकोस. गोळी झाडताना मी डोळे मिटतो. दोन्ही. अजून कुणाला कळलेलं नाही. घरी आल्यावर फक्त तुला सांगणार होतो, पण राहवत नाही म्हणून लिहिलं. रॉइस.'

मी ते दोनदा वाचलं. रॉइस माझ्या केसांशी खेळत होता, माझा रॉइस.

"हे त्यांना कधी पाठवलंच नाहीत तुम्ही?"

"सापडलेलं सगळं वर जमा करायचं असा नियम होता. मी त्या दिवशी खिशात घातलं. का, ते नाही सांगता येत. बावीस वर्षांचा होतो. कुणीतरी माझ्याशीच बोलल्यासारखं वाटलं. मग सुटून इथे आलो, तुझ्या सासूच्या गावात. इथे मला कोण ओळखत होतं? बारमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, तू कुठे होतास? पाच-सहा जण तिथून परतलेले बसलेले. त्यांच्यापुढे काय सांगू, मी बंदुका धूत होतो? तोंडून रॉइसचं नाव निघालं. साल अडुसष्ट सांगितलं, कारण त्या साली इथून गेलेलं कुणीच परत आलं नव्हतं. मला खोटं पाडायला कुणी नव्हतं."

"आईंना माहीत होतं?" सासूबाईंबद्दल विचारलं मी.

"तिला काही न सांगता सगळं कळायचं."

मला वाटतं, नुसत्या खोट्याची गोष्ट असती तर मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला असता. बावीस वर्षांच्या पोराने बारमध्ये मारलेली थाप, ती वाढत गेली, त्याच्याच अंगावर बसली. पण माझ्या गुडघ्यावर एका आईच्या नावची चिठ्ठी होती. ती बाई पोस्टमनची वाट बघत राहिली असेल. मोजे हवेत हे तिला कळलंच नाही, केकच पाठवले असतील तिने. पिल्लं वाटून टाकली असतील. आणि तिच्या मुलाने फक्त तिलाच सांगितलेली गोष्ट या डब्यात, गळांच्या खाली, तीन पिढ्यांचे मासे बघत पडून होती.

"पॅपॉ, हे तुमचं नव्हतं," मी म्हटलं. माझा आवाज इतका चिरका निघाला की रॉइस दचकून रडायला लागला.

"पत्ता नव्हता त्यावर."

"ट्रॅव्हिसला सांगा."

"शनिवार जाऊ दे, पोरी. एवढा एक शनिवार."

"शनिवारीच तर ते नाव घ्यायचंय तुम्हाला! चारशे माणसांपुढे! नाही. त्याआधी तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

त्यांनी मान हलवली. मला ती होकाराची वाटली.

शुक्रवारी ते आले नाहीत. फोन उचलला नाही. आणि मीही ट्रॅव्हिसला काही सांगितलं नाही. तो रायफलीला तेल लावत शीळ घालत होता, मध्येच पोराला उचलून म्हणत होता, "उद्या तुझं नाव सगळं खोरं घेणार, साहेब!" वाटलं, बापाने सांगावं, ते बापाचं काम. खरं म्हणजे धीर झाला नाही.

शनिवारी ऊन लख्ख पडलं होतं. मातीच्या बांधापुढे लक्ष्यं उभी होती, टेबलांवर नाना युद्धांच्या नकला मांडलेल्या, त्यांचे मालक एकमेकांच्या रायफलींत खोड्या काढण्यात रंगलेले. "हा पट्टा कुठल्या लढाईतला, वॉलमार्टच्या?" असं काहीसं चाललं होतं. मी रॉइसच्या कानांवर मोठे गुलाबी कानबंद चढवले. पॅपॉ इस्त्रीचा शर्ट घालून पेपरोनी रोलच्या टेबलापाशी उभे होते. हातात रोल, पण खात नव्हते.

"सांगितलंत?"

"सांगतो," ते म्हणाले.

तेवढ्यात लुट्झने पुकारा केला. लुट्झ आमच्या क्लबचा प्रमुख, एकाहत्तर साली खरोखरच व्हिएतनाममध्ये होता, डावा पाय तिथेच ठेवून आला. त्याचा दरारा असा की मोठाली माणसं त्याच्यासमोर खिशातून हात बाहेर काढतात. सगळे पिवळ्या रेघेच्या मागे गेले. ट्रॅव्हिसने बापाच्या हातात रायफल दिली आणि एक काडतूस दिलं. त्याचे कान लाल झाले होते, त्याला रडू यायच्या आधी होतात तसे.

"डेल्मर," लुट्झ म्हणाला, "नाव घे."

पॅपॉंनी काडतूस टेबलावर उभं ठेवलं. शेजारी रायफल ठेवली, तोंड बांधाकडे करून. आणि वळले.

"नाव रॉइस," ते म्हणाले. "पण मी त्याला कधी पाहिलेलं नाही."

काहींनी सवयीने "रॉइस" म्हटलंच, आणि मग थांबले. पॅपॉ बोलत राहिले. कोठार, खोकी, गरम पाणी, चिठ्ठी. मला ओसरीवर सांगितलं त्याहून थोडक्यात. मी ट्रॅव्हिसकडे बघत होते. त्याचा चेहरा एकदम दहा वर्षांच्या मुलाचा झाला. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं, कुणीतरी ही थट्टा आहे असं म्हणेल म्हणून.

कुणी शिवी दिली नाही. चारशे माणसं आणि झेंड्याची दोरी खांबावर आपटल्याचा आवाज.

मग लुट्झ कुबडी टेकत पुढे आला. मला वाटलं, मारतो की काय.

"ती रायफल कधी आली होती तुझ्याकडे?"

"एकाहत्तर. नोव्हेंबर."

"तिचा नंबर बघितला होतास?"

पॅपॉंनी सात आकडे म्हटले. अडखळले नाहीत, आठवायला थांबले नाहीत. जसं माणूस स्वतःच्या घराचा फोन नंबर सांगतो.

"कुठला नंबर कुणाला दिला त्याची नोंद असते," लुट्झ म्हणाला. "एका पत्राने त्याचं घर सापडलं असतं. तुला माहीत होतं?"

"होतं."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

माझा हात आपोआप रॉइसच्या पाठीवर घट्ट झाला. पत्ता नव्हता, एवढंच मला सांगितलं होतं त्यांनी. आणि ते खोटंही नव्हतं. त्रेपन्न वर्षं हा माणूस तो नंबर रोज मनात म्हणत होता, आणि पत्र मात्र लिहीत नव्हता.

लुट्झने नंबर आपल्या तळहातावर लिहून घेतला. "घरी जा, डेल्मर," तो म्हणाला. मग आमच्या सगळ्यांकडे वळून, "आज पहिला बार नाही. मंडळी, आपापल्या टेबलाला लागा." क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. लोक हळूहळू हलले. पॅपॉंच्या दिशेने कुणी बघत नव्हतं, आणि त्यांना जायला वाट मात्र केवढी मोठी मोकळी झाली होती.

ट्रॅव्हिस टेबलापाशी गेला. रायफल उघडून आत बोट घालून बघितलं, रिकामी आहे हे आम्हा सगळ्यांना दिसत असूनही, कारण हे न करता तो रायफल उचलूच शकत नाही. ती पिशवीत घातली. पिशवीची चेन त्याला लावता येईना. मी एका हाताने ती लावली.

गाडीत आम्ही दारं बंद करून बसलो. बाहेर गोळ्या सुटायला लागल्या होत्या.

"तुला माहीत होतं?"

"गुरुवारपासून."

"दोन दिवस." तो पुढच्या काचेतून बघत होता. "दोन दिवस मी तिला तेल लावत बसलो आणि तू मला बघत बसलीस."

त्याने मागे वळून पोराकडे पाहिलं. पोर गुलाबी कानबंद घालून झोपलं होतं.

"आता याला काय म्हणायचं?"

"रॉइस," मी म्हटलं. "ते नाव तुझ्या डॅडनी ठेवलेलं नाही. एका आईने ठेवलंय."

त्याने गाडी सुरू केली.

नऊ दिवस त्याने बापाचं नाव काढलं नाही. रायफल कपाटात कुलपात गेली. मी पॅपॉंना फोन करायचे ते ट्रॅव्हिस आंघोळीला गेला की, चोरून, दोन मिनिटं. जेवलात का, हो, रॉइस कसा आहे, बरा आहे. याहून पुढे आमचं बोलणं सरकायचं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी पॅपॉ दारात उभे राहिले, हातात लिहायची वही. लुट्झने नंबर लष्कराच्या दफ्तराला पाठवला होता. उत्तराला महिने लागतील म्हणाले, पण उत्तर येईल त्या दिवशी चिठ्ठीसोबत जायला पत्र तयार असलं पाहिजे, असं लुट्झने बजावलं होतं. ट्रॅव्हिसची सुट्टी होती. तो सिंकपाशी बाटल्या धूत होता. त्याने मान वळवली नाही, पण बाहेरही गेला नाही. मी पॅपॉंना खुर्ची दिली.

वहीत चारच कोरी पानं उरली होती; त्यांनी तीन फाडली.

"सुरुवात कशी करू, पोरी? त्याची आई आता कुठली असायला."

"असेलही. माझी आजी चौऱ्याण्णव वर्षांची आहे, अजून मला फोनवर ओरडते. आदरणीय बाई म्हणा, आणि आधी तुम्ही कोण ते सांगा."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. नळाचं पाणी थांबलं.

"साल खरं घाला," ट्रॅव्हिस म्हणाला. पाठ आमच्याकडेच होती.

पॅपॉंनी मान खाली घातली आणि आकडा लिहायला घेतला. सात नीट उमटला. एकावर शाईचा डाग पडला, म्हणून त्यांनी नवीन कागद मागितला. ट्रॅव्हिसने ओले हात पँटला पुसले, फ्रीजवरचा कोऱ्या कागदांचा गठ्ठा उचलला आणि त्यांच्यापुढे ठेवला.